आज कोण कुटतंय?

आमच्या घरात भांडण ऐकू यायचं नाही,
खल ऐकू यायचा.
सुक्या मिरच्या, लसूण, ओली हळद,
वरून कोळंबीचा तो उग्र काळपट गोळा.
आईचा हात एका लयीत चालला की सगळं ठीक.
मध्येच थांबून एकदम तीन घाव,
म्हणजे बाबांनी वीरयुत काकाला पुन्हा पैसे दिले.

फत्तलुंगच्या त्या गल्लीत हे सगळ्यांनाच कळायचं.
कुंपणापलीकडून साइपिन मावशी विचारायची,
"काय गं, आज फार तिखट होणार वाटतं?"

माफी कुणी मागत नसे.
संध्याकाळी चटई, भाताची वाफ,
आंबट कालवणातलं माशाचं डोकं
बाबांकडे वळवलेलं,
आणि मला, पण त्यांना ऐकू जाईल असं :
"विचार त्यांना, जेवलेत का."

आईचा उजवा हात गेला
त्या वर्षी खल चार महिने पालथा.
बाजारातून पिशवीतलं वाटण आणायचो.
ती खायची. चांगलंय म्हणायची.
तेच ऐकवत नसे.

मग एका सकाळी आवाज :
दोन घाव खलात, एक फरशीवर.
"आज कोण कुटतंय?" कुंपणापलीकडून.
बाबा.
मनगटापर्यंत हळद, डोळ्यांत पाणी,
मिरचीचं म्हणाले.

"मीठ आधी घालायचं असतं,"
खाटेवरून आई.
महिन्याभरातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.

संध्याकाळी कालवणाचं भांडं मांडलं
आणि बाबा ते फिरवतच राहिले,
थोडं इकडे, थोडं तिकडे,
डोकं नेमकं तिच्यासमोर येईपर्यंत.