सहावी ओळ

यादीत पाचच बसतात, क्लार्क लोरीन म्हणाली,
राजधानीत सहावी ओळ कुणी वाचत नाही.

काउंटीच्या टेबलाखाली बुटांतून वितळलेला बर्फ,
वर डोनटचा खोका, सव्वीस अर्ज.
अकरा नंबर रस्त्यावरचा पूल.
तुरुंगातल्या मनोरुग्णांना खाटा.
चर, शाळा, विहिरींतलं नायट्रेट.

हात वर झाले. काही अर्धेच,
शेजाऱ्याचा बघून मग पुरते.

ॲम्ब्युलन्स सहावी आली.

हॅल्वरकडे कुणी पाहिलं नाही.
मागच्या जानेवारीत त्याच्या दारी
ती एकोणपन्नास मिनिटांनी पोचली होती.
त्यानंच चष्मा पुसला,
म्हणाला, पूलच नसेल तर
येणार कुठून ती?
आणि पाचांखाली सही केली.

यादी छापून आली तेव्हा
पानाच्या तळाशी
चांगली चार बोटं जागा उरली होती.