दोन सूत

दार आलं वरोऱ्याहून, टेम्पोत, गोणपाटात गुंडाळून.
सागाचं. मधल्या फळीवर एक गाठ, बैलाच्या डोळ्याएवढी.
घरकुलाचा तिसरा हप्ता त्यात गेला
आणि वर कुसुमच्या बचत गटाचे चार हजार.
दोन दिवस लोक येऊन गाठीवरून बोट फिरवून गेले.
तिसऱ्या दिवशी बसवलं, लोटलं,
आणि ते चौकटीच्या तोंडाशी येऊन थांबलं,
चपला काढू की नको अशा विचारातल्या पाहुण्यासारखं.

दोन सूत. फक्त दोन सूत.
जोर लावला की मिटायचं,
हात काढला की परत मागे.

झिबल मिस्त्रीला बोलवायचं नव्हतं.
त्याला न विचारता दार बाहेरून आणलं
तेव्हापासून रस्त्यात भेटला
तर तो माझ्या सायकलीशी बोलायचा.

सल्ले मात्र फुकट आले.
शेषराव म्हणाला, लाकूड फुगलं, ऊन खाऊ दे.
मोतीराम कोतवाल म्हणाला, चौकटच वाकडी,
गवंडी ओळंबा सोडून खर्रा घोटत होता, म्या पाह्यलं.
कोणी म्हणालं, लिंबू बांध.
कुसुम काही म्हणाली नाही,
रात्री तिने दाराला आतून पाटा टेकवला.
पहाटे पाहतो तर भिवराबाईची बकरी
पाटा सरकवून पिठाच्या डब्याशी.

रविवारी मी रंधा मागून आणला.
वरचा कोपरा अडतो असं वाटलं, वरचा तासला.
मग वाटलं खालचा. खालचा तासला.
अंगणभर छिलपे,
पोरगं त्यांच्या बाळ्या करून हिंडलं.
दार तिथेच,
आणि वरच्या फटीतून आता
शेजारच्या ओसरीतला बल्ब दिसू लागला.
“अजून तासा,” कुसुम म्हणाली, “खिडकी होऊन जाईन.”

मिस्त्री आला तो मंगळवारी, न बोलावता,
कानावर पेन्सिल, खांद्यावर पिशवी.
“इकडून जाऊन रायलो होतो,” म्हणाला.
इकडून रस्ता कुठेच जात नाही,
माझ्या अंगणात येऊन संपतो.

माझ्या रंध्याच्या खुणा त्याने पाहिल्या.
मी बकरीकडे पाहिलं.
मग त्याने कुसुमला नीळ मागितली, कपड्यांची,
बोटाने दाराच्या कडेला लावली,
हळू लोटलं, उघडलं.
चौकटीवर निळा डाग. वर नाही, खाली नाही,
बिजागरीच्या अंगाला,
जिकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.
“दुखते कुठी,” मिस्त्री म्हणाला,
“अन् तू दाबून कुठी रायला.”

बिजागरी खोल रुतली होती, एवढंच.
पुठ्ठा हवा होता. घरात होतं
कपाशीच्या बियाण्याचं रिकामं खोकं;
त्यावरचं पांढरंफेक बोंड अर्ध्यात कापून
त्याने बिजागरीमागे सारलं, स्क्रू आवळले.
दार मिटलं.
असा भरीव आवाज आमच्याकडे
आजवर कशाचाच झाला नव्हता.
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, अर्धा बशीत ठेवून गेला.

दिवेलागणीला कुसुमने कडी लावली, काढली, पुन्हा लावली.
आम्ही आत, आणि रस्ता एकदम बाहेर.
दूधवाल्याची फटफटी दुसऱ्याच गावातून जावी तशी गेली.
पोरगं म्हणालं, कानात कापूस घातल्यासारखं वाटते.

जेवायला बसलो
तर दारावर टक टक.
तुराट्यांच्या ताटीवर कधी कोणी वाजवलं नव्हतं.
माणूस बाहेर खाकरायचा
आणि खाकरणं संपायच्या आत चुलीपाशी असायचा.
पुन्हा टक टक.
मागोमाग जो खोकला आला
तो अख्ख्या गावाच्या ओळखीचा,
तरी कुसुमने हातातली भाकर खाली ठेवली
आणि जन्मात पहिल्यांदा, जरा मोठ्याने, विचारलं,
“कोन व्हय?”

बाहेर थोडा वेळ काहीच नाही.
त्यालाही हे नवीन असावं.
मग,
“मी वो. पेन्सिल राह्यली माही.”