चाररेघी वही

कॅपिटल उभं राहतं
वरच्या लाल रेघेला डोकं लावून,
बाकीची पोरं मधल्या खोलीत.
असं शिकवतो मी पाचवीला,
घाटंजीहून दोन जिपा बदलून गाठायच्या शाळेत,
जिथं फळ्याचा खालचा कोपरा उधईनं खाल्लाय,
म्हणून जी आणि वाय यांच्या शेपट्या
मला वरच गुंडाळाव्या लागतात.

वाक्य सुरू झालं की कॅपिटल.
माणसाचं नाव, गावाचं नाव.
नदी लहान, पैनगंगा मोठी.
वार मोठे, महिने मोठे.
"मंगळवार तं मोठाच हाये," निकेश म्हणतो,
"बाजार राह्यते त्या दिवशी."
ऋतू मात्र लहान, मी सांगतो.

वर्ग गप्प.
बाहेर टिनावर कावळा
एकेक पाय उचलून ठेवतोय.
"सर, उन्हाळा? लहान्या अक्षरात?"
मागून कुणीतरी:
"इंग्रजाईनं आपला पाह्यलाच नसन."

मग येतो आय.
वाक्यात कुठंही सापडो, उभाच.
तू लहान, ती लहान, आम्ही लहान,
मी तेवढा मोठा.
काहून, ते डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.
मी खडू झटकतो.
आपल्याकडं सगळी अक्षरं एकाच रेघेला लोंबतात,
आड्याला बांधलेल्या मक्याच्या कणसांसारखी;
पाटलाचा प आणि पोडाचा प
एका मापाचा.
निदान वहीत.

दुर्पता आत्राम फारसं बोलत नाही.
घरी कोलामी, वर्गात मराठी, वहीत इंग्रजी;
तिसऱ्या उंबऱ्याशी ती अजून
चपला काढू की ठेवू, अशी उभी.
आज पाच ओळी लिहायच्या होत्या, माझं गाव.
तिनं एकच लिहिली: मी पोडात राहते.
आणि पोडाचा पी नेला
थेट लाल रेघेच्याही वर.

पोड म्हणजे वस्ती. कोणतीही.
सामान्य नाम, लहान अक्षर.
मी लाल पेन उघडलं.
"तुह्या पोडाले नाव काय?"
"पोड."
"अन् पलीकडच्याले?"
"पलीकडचं."
"अवं, कागदावर काय हाये?"
ती खिडकीबाहेर बघते.
टेकडीवर अकरा कुडाची घरं, एक मोह,
हापशीचा दांडा वर राहिलेला.
रेशनकार्डावर टेकडीखालच्या गावाचं नाव आहे.
त्या गावात ती राहत नाही.

जे एकच असतं, दुसरं नसतं,
त्याला कॅपिटल.
सकाळी मीच सांगितलं होतं,
दोनदा म्हणूनही घेतलं होतं.

शुक्रवारी केंद्रप्रमुख वह्या बघायला येतील.
त्यांना हा पी दिसेल,
लांबून दिसेल.
मी पेनाला टोपण लावतो,
पुढची वही ओढतो.
निकेशची.
त्यानं उन्हाळ्याचा एस एवढा मोठा काढलाय
की चारही रेघा
कमी पडल्यात.