अजून

स्टाइन्विकला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते
आणि रात्र होती.
नोव्हेंबरात गेलेला सूर्य जानेवारीशिवाय येत नाही,
टॅक्सीवाला म्हणाला,
तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं.

माझ्या बॅगेत तीन दिवसांचं शिबिर होतं:
छपाईकडून चोवीस तासांकडे.
ओस्लोत बसून आखलेले बाण,
सगळे उजवीकडे धावणारे.

कचेरीत चार माणसं, एक गळकं कॉफीयंत्र,
मंगळवार आणि शुक्रवार.
वार नव्हेत ते, अंक.
"मंगळवार जड झालाय."
"शुक्रवारात जागा आहे का?"
असं बोलत तिथे.

रागन्फ्रिड मोएन,
चौतीस वर्षं निधनवार्तांचा रकाना सांभाळणारी,
पहिल्याच बाणाशी अडली.
"चोवीस तास म्हणजे कुठले?
इथे दोन महिने रात्र, दोन महिने दिवस.
पानं लागली की झोपायचं,
एवढंच आमचं घड्याळ."
मी आकडे दाखवले.
तिने त्यांवरून पेन्सिल फिरवली, प्रूफ वाचावं तशी,
आणि एक चुकलेलं अक्षर गोल केलं.

दुसऱ्या रात्री एक वाजता फोन.
येर्मुंडची बोट दहाला यायची, आली नव्हती.
बोटीवर दोघं. तो आणि त्याचा भाचा.

आइलू, वय तेवीस, शिबिरातला सगळ्यात तयार मुलगा,
त्याचा मथळा केव्हाच मांडून झालेला.
त्यात "बुडाली" होतं.
"प्रश्नचिन्ह घालतो की," म्हणाला.
पहिल्या पाच मिनिटांचं मोल
मीच सांगितलं होतं सकाळी. मी गप्प.

रागन्फ्रिड झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून आली.
त्याच्या खांद्यावरून वाचलं.
"येर्मुंडची बायको जागी आहे," म्हणाली,
"हातात फोन घेऊन.
बुडवायचं काम समुद्राचं. आपलं नाही."

मग खुर्ची ओढली
आणि दोन बोटांनी, टाइपरायटरच्या जोराने:

१.२६. बोट आलेली नाही. शोध सुरू आहे.
२.१०. अजून नाही.
२.५५. बचावनौका उत्तरेच्या टोकाशी. वारा पडलाय.
अजून नाही.

हा शब्द तिने कधी छापलाच नव्हता.
मंगळवारला "अजून" परवडत नसे.
अंक सुटेपर्यंत माणूस एकतर गेलेला असे,
नाहीतर घरी जेवायला बसलेला.

पडद्याच्या कोपऱ्यात वाचकांचा आकडा: सहाशे बारा.
"गावात माणसं अकराशे," जाहिराती बघणारा ओड्वार म्हणाला,
"त्यातली शंभरेक तान्ही, नाहीतर बहिरी."
पुढे काही बोलला नाही. कॉफी ओतली, सगळ्यांना,
मलाही.

३.४०. अजून नाही.
४.३२. दिवा दिसला.
लगेच खाली जोडलं: कुणाचा, ते कळलेलं नाही.
५.०५. एक जण सापडला, जिवंत.

कोण, ते तिला फोनवर कळलं.
आइलूची बोटं कळांवर तयार.
तिने नाव सांगितलं नाही.
बूट चढवले, टॉर्च घेतला, निघाली.
दारासमोर रस्ता फुटतो:
वर येर्मुंडचं घर, खाली त्याच्या बहिणीचं.
आम्ही खिडकीशी गेलो,
पण बर्फ असं भुरभुरत होतं की
टॉर्च कुठे वळला ते दिसलं नाही.

चाळीस मिनिटं पान हललं नाही.
आकडा नऊशेवर गेला आणि तिथेच राहिला.
कुणी उठून गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी शिबिर होतं, केलं.
आइलूने हात वर केला:
"ती चाळीस मिनिटं,
त्यांना तुमच्या तक्त्यात काय म्हणतात?"
मी तक्ता पाहिला.
पुन्हा पाहिला.

शेजारच्या टेबलावर रागन्फ्रिड
पट्टी लावून काळी चौकट मोजत होती.
शुक्रवारात जागा काढली होती.
तेरा ओळी.