स्टुडिओतला हायनेक

मेनरोडवर, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत
बाबांचा स्टुडिओ होता, मयूर.
दोन छत्र्या, पडद्यावर रंगवलेला धबधबा
आणि खिळ्याला टांगलेला काळा हायनेक.
देवळाली कॅम्प सोडून निघालेल्या कुणा कॅप्टनने
सामान विकायला काढलं तेव्हा
सायकलच्या डायनॅमोसोबत मिळालेला, सात रुपयांत.

मूळचा खलाशांचा म्हणे हा गळा.
समुद्रावरचा वारा छातीत शिरू नये म्हणून
कुणीतरी विणला लांबच लांब,
एक सुलट एक उलट, दुमडून हनुवटीपर्यंत.
आमच्याकडे कुठला समुद्र?
घाटावर गुडघाभर गोदावरी
आणि निफाडकडून येणारी, दातांवर वाजणारी थंडी.
पण मुलं यायची ती ऐन मे महिन्यात.
लग्नाळू. मुलीकडे पाठवायला फोटो हवा असायचा,
आणि सिनेमातले हिरो तेव्हा
असाच गळा झाकून बर्फात उभे राहायचे.

सटाण्याचा अहिरराव. ओझरच्या कारखान्यातला फिटर.
नोटांच्या प्रेसमधला एक खैरनार,
जो दिवसभर पैसे मोजायचा आणि उधारीवर फोटो काढायचा.
सगळे त्याच एका गळ्यातून वर आले.
पंखा बंद, दोन मोठे दिवे, मानेवर पावडर.
बाबा म्हणायचे, हा माणसाला सरळ उभा करतो.
शर्टाची विरलेली कॉलर झाकतो, गळ्यातला काळा दोरा झाकतो,
आणि ती घाटी, जी आवंढा गिळताना वरखाली होते
आणि सगळं सांगून टाकते.
खाली पायजम्याची नाडी लोंबत असली तरी
फोटो कमरेपर्यंतच.

पंचवटीत गायधनी मावशींनी
एका मुलीपुढे दोन फोटो ठेवले.
डाव्या खांद्यावर सिगारेटचं भोक, वर रफू.
दोन्हीत.
मुलगी म्हणाली, "स्वेटर पसंत आहे.
आत कोण घालायचा ते तुम्ही ठरवा."
आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच जिना चढून आली,
स्वेटर कुणाचा ते विचारायला.
ती माझी आई.
बाबांचा गळा आखूड. त्यांना तो कधी शोभला नाही.

एक गोष्ट त्यांनी फार उशिरा सांगितली,
शेवटच्या हिवाळ्यात, कानाला मफलर गुंडाळून.
एकाचं डोकं अडकलं होतं.
हात वर, तोंड लोकरीत, ना आत ना बाहेर.
आणि तिथून, त्या काळोखातून तो म्हणाला,
"काका, मला नाही करायचंय हे लग्न."
बाबांनी गळा खाली ओढला.
ओला कंगवा दिला. म्हणाले, "हनुवटी जरा खाली."
फोटो सुरेख आला. तीन प्रती नेल्या.
कोण तो, मी विचारलं.
आठवत नाही, म्हणाले,
सगळ्यांची नावं वहीत लिहून ठेवणारे बाबा.

देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असतं.
हात लावून लोक पुढे जातात.
मी वाकून पाहिलंय, त्याची मान कायम बाहेर.
आत घ्यायची सोय कुणी कोरलेलीच नाही.

आज पारा चारवर.
द्राक्षबागांत रात्रभर ओला पालापाचोळा जळतोय,
धूर गंगापूर रोडपर्यंत आलाय.
डांबरगोळ्यांतून मी हायनेक काढला.
गळा सैल झालाय, माझ्यासारखाच.
आतल्या घडीत अजून पांढरी पावडर,
कुणाकुणाच्या मानेची.
डोकं घातलं आणि मध्येच थांबले.
बरं आहे इथे. ऊब आहे, काळोख आहे,
बाहेरची कुकरची शिट्टीसुद्धा लांबून येते.
एक वाक्य म्हणून पाहिलं, हळूच.
लोकरीने ते ठेवून घेतलं.
मग माझा मीच गळा खाली ओढला
आणि कंगवा शोधू लागले.