मिलो गल्ली

मानखुर्दला खाडीच्या अंगाला आमची मिलो गल्ली.
पोरांना वाटतं, चॉकलेटचं काहीतरी.
केवळाबाई सांगते : तांबडी ज्वारी रे, परदेशातली,
तिकडं जनावरं खायची म्हणत.
बहात्तरला रेशनवर तीच. थापली की चिरायची,
गिळली तरी पोट विचारायचं, काय आलं?

तिच्याकडं एक हजेरीपत्रक आहे,
अंगठ्याचा आता नुसता निळा डाग.
खडी फोडायचं काम. रस्ता करत होते
सावरखेड्याच्या मारुतीपासून. कुठवर?
"ओढ्यापतुर. मग पैसे सरले का दुष्काळ, कुणी सांगितलं न्हाई."
पलीकडं गाव नव्हतं. अजून नाही.
त्याच रस्त्यावर तिचा आश्रू गेला, दीड वर्षाचा,
सुकडीच्या रांगेत, पाटीत निजल्या निजल्या.
रांग सोडली नाही तिनं.
हे ती एकदाच बोलली, आणि लगेच विचारलं, नळ आला का.

शहात्तरला इथलं पाडलं.
दगडू म्हणतो एक्क्याऐंशीला, पण त्याची सालं घसरतात.
पाडणारे रोजंदारीचे, त्यात लिंबाजी खरात,
रस्त्यावर तिच्या शेजारी घण मारणारा.
मान वर केली नाही त्यानं.
आधी भांडी काढली, मोठ्यात लहान घालून कडेला मांडली,
चूलही उचलली, फुटू न देता.
मग पहार घातली कुडात.
"सात रुपये भेटले असतील त्याला," एवढंच ती म्हणते.
संध्याकाळी येऊन पहार दाराशी ठेवून गेला.
दार नव्हतंच. जिथं होतं, तिथं.
पुढं कुणाला दिसला नाही.
त्याचं नाव गल्लीत कुणी पोराला ठेवत नाही,
शिवीतही घेत नाही.

परवा सर्व्हेवाला आला, जुना पुरावा मागत.
तिनं पिशवीतल्या पिशवीतून हजेरीपत्रक काढलं.
चांगला मुलगा होता, उजेडात धरून वाचलं.
"आजी, हे इथलं नाही."
"इथलं कसं असंल? तिथून उठलो म्हणून तर इथं."
त्यानं दारावर खडूनं आकडा लिहिला,
पुढं प्रश्नचिन्ह.

ताडपत्रीच्या कोपऱ्यावर पहार आडवी पडलीय.
हात लावला तर तांबडं लागतं, त्या पिठासारखं.
नात म्हणाली, विकू या, भंगारवाला किलोला तीस देतो.
केवळाबाईनं वजन विचारलं.
मग म्हणाली, ऱ्हाऊ दे,
वाऱ्याचे दिवस हायेत.