लाभ

मापाडी मोजायला बसला की एक म्हणत नाही.
पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतो,
मग दोन, मग तीन.
शाहूपुरीच्या गूळबाजारात चौतीस वर्षं
यांचा हाच आवाज.
तिसाचा रवा काट्यावर चढायच्या आधीच सांगायचे,
सातापा, दोनशे ग्रॅम कमी भरतोय बघ.
आणि भरायचाच.

आता स्वतः चव्वेचाळीस किलो.
दीड रवासुद्धा नाही.

डॉक्टरांनी पावतीच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं,
एवढं कापलं, एवढं जोडलं,
हे स्वादुपिंडाचं डोकं, ते काढलं.
स्वादुपिंड.
नाव तरी काय ठेवलंय एकेकाचं.
मी एकच विचारलं, जेवतील का?
जेवतील, म्हणाले, पण शिकावं लागेल.

पहिले तीन आठवडे पोटातल्या नळीनं जेवले.
बाटली मच्छरदाणीच्या खिळ्याला,
रात्रभर थेंब.
झोप लागेना की मीच मोजायची,
लाभ, दोन, तीन.

मग आहाराच्या बाई आल्या, माझ्या धाकटीच्या वयाच्या.
दिवसातून सहा वेळा, मुठीएवढं.
पाणी जेवताना नको, मागाहून घोट घोट.
अंड्याचं पांढरं, मुगाचं वरण, घरचं दही, मऊ भात.
आणि ही गोळी पहिल्या घासाबरोबर.
आधी नाही, नंतर नाही.
विसरलात तर जेवण नुसतं आतनं फिरून येतंय.

पूर्वी हे ताटाभोवती चित्राहुती घालायचे,
पाण्याचं बोट फिरवायचे.
आता ताटाशेजारी गोळी ठेवतात,
तिच्याकडं बघून घेतात,
मग घास.

एक गोष्ट सांगते, ती सांगायची नसते.
आमच्या घरी रश्शाला तवंग नसला
तर पाहुणा वाटी पुढं सरकवायचा.
तवंगावरनं बाईचा हात ओळखायचे.
आता रोज सकाळी मी संडासात वाकून बघते,
पाण्यावर तवंग आहे का.
असला तर चरबी पचली नाही, गोळी कमी पडली.
वहीत खूण करायची, फोन करायचा.
ज्या दिवशी पाणी स्वच्छ दिसलं
त्या दिवशी मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले,
बाहेरून हे विचारतायत, काय झालं गं?

गल्लीत जो तो विचारतो, जेवलासा काय?
हे म्हणतात, कितव्यांदाचं विचारतायसा?
शेजारच्या कोंडाबाई पांढऱ्या रश्शाचा डबा घेऊन आल्या,
नाही कसं म्हणायचं?
हे दोन चमचे प्याले, डोळे मिटून,
आणि रात्रभर पोट धरून बसले.
सकाळी म्हणाले, पण झाला होता बरका चांगला.

पाचव्या महिन्यात हट्टानं बाजारात गेले.
रिक्षातनं उतरून सरळ काट्याकडं.
हमाल हातातलं टाकून गप्प उभे.
सातापानं माप लावलं, ठसक्यात पुकारलं,
सत्तेचाळीस, सहाशे!
हे काट्यावरनंच ओरडले,
चपलांचा कडता कोण धरणार रं?
चपला काढल्या, पुन्हा चढले.
सेहेचाळीस, आठशे.
हां, आता बरोबर, म्हणाले,
आणि आठशे कमी झाल्यावर
पहिल्यांदा हसले.

पुढच्या मंगळवारी परत सुई आहे, मग स्कॅन.
साखरही वर-खाली करते.
इतकी वर्षं गुळात वावरलेला माणूस,
बोटाला टोचून बघायचं आणि खडा लांब ठेवायचा.

आज संध्याकाळी मूगडाळीची खिचडी केली,
वर अर्धा चमचा तूप, तेवढं चालतं म्हणाल्यात.
गोळी घेतली, पुटपुटले, लाभ.
तीन घास झाले, चार झाले,
मग वाटी बाजूला सारली.
वहीत मी लिहिलं, अर्धी.
उरलेली अर्धी ओट्यापाशी उभ्याउभ्या खाल्ली,
गोळीशिवाय.
सहज पचली,
त्याचीच लाज वाटली.